बसच्या ठिपक्याला केवढं मशीन लागतं?

ज्या मशीनपायी एवढा गोंधळ झाला ते मी कधीच पाहिलं नाही. आमच्या ऑफिसात कुणीच पाहिलं नव्हतं. ते युरोपात कुठेतरी होतं, आणि खरं सांगायचं तर ते मशीनही नव्हतं. एका अवाढव्य कॉम्प्युटरचा भाड्याने घेतलेला तुकडा होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात हे मला मस्कतला येऊन कळलं. त्याआधी मी पुण्यात पत्रकं वाटत होते.

पत्रकांचं आधीच सांगून टाकते, कारण माझ्या बोलण्यात ते सारखं येतं आणि लोक वैतागतात. बसचं भाडं वाढलं की आम्ही काही जण बसून पत्रक लिहायचो आणि सकाळी डेपोबाहेर उभे राहायचो. एका जुन्या कार्यकर्तीने मला नियम शिकवला होता: पहिल्या ओळीत कोण कुणाचं काय करतंय ते लिही, विशेषणं नंतर. मग पदवी झाली, संघटनेत फूट पडली, आणि आईने मावशीला फोन केला. मावशी मस्कतला, हमरियात राहायची. काकांच्या ओळखीने मला मस्कतच्याच रुवी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत काम मिळालं. भाडेवाढीविरुद्ध घोषणा देणारी मुलगी बसवाल्याच्या पगारावर! जे टोमणे मारायचे ते माझ्या मित्रांनी मारून झालेत, तेव्हा आता नवे कुणी मारू नयेत.

कंपनी एका ओमानी मालकाची. भारतीय शाळेतल्या मुलांची ने-आण करायची. मालकाला सगळे अर्बाब म्हणायचे. अर्बाब म्हणजे नुसता मालक नव्हे. ज्याच्या सहीवर तुमचा व्हिसा उभा असतो तो. एका माणसाच्या सहीवर दुसऱ्याचं घर, त्याच्या बायकोचं राहणं, मुलीची शाळा. हे मला पहिल्या दिवशी खटकलं आणि आजही खटकतं. अर्बाब वाईट माणूस नव्हता. पण माणूस चांगला आहे की वाईट यावर दुसऱ्याचं आयुष्य अवलंबून असावं, हीच तर मूळ तक्रार आहे.

आमचं ऑफिस एका मनी एक्स्चेंजच्या वर होतं. त्यात आम्ही तिघं. मॅनेजर होते ते सर, कोथरूडचे. सॉफ्टवेअर करणारे ते भाई, चिपळूणकडचे. आणि पालकांचे फोन घेणारी मी. भाईंनी एक अ‍ॅप बनवलं होतं. प्रत्येक बसमध्ये एक डबी बसवलेली. बस कुठे आहे ते ती दर थोड्या वेळाने त्या युरोपातल्या मशीनला कळवायची, आणि पालकांच्या फोनवर नकाशावर एक निळा ठिपका सरकायचा. उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच तिथे अंगाची लाही होते. पोराला घेऊन रस्त्यावर ताटकळण्यापेक्षा ठिपका जवळ आला की खाली उतरायचं, एवढाच त्याचा उपयोग. पण तेवढ्या उपयोगासाठी आयांनी भाईंना मनापासून दुवा दिलेली मी फोनवर ऐकली आहे.

मी लागले तेव्हा शाळेला उन्हाळी सुट्टी लागायला थोडे दिवस होते. मला कामाचं फारसं काही येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न विचारायचे. भाईंनी एकदा स्क्रीनवर मापांची यादी दाखवली. कपड्याच्या दुकानात असावीत तशी मापं: लहान, मध्यम, मोठं, त्याहून मोठं. शिवाय प्रकार. कुणात प्रोसेसर जास्त, म्हणजे काम करणारे हात जास्त. कुणात मेमरी जास्त, म्हणजे काम चालू असताना सामान मांडायला जागा जास्त. कुणात दोन्ही बेताचं.

"मग आपलं माप कसं ठरवलं, भाई?"

"पोरां मोजली. बसा मोजल्या. मग जरा वर धरला आनि मोठाच घेतला." भाई हसले. "लग्नाचा जेवान शिजवतो तसा गो बाय. उरला तर उरला. कमी पडला तर अब्रू जाते."

मला हे उत्तर आवडलं नाही. जगभरातले लोक अंदाजाने मशीन घेतात? मला वाटलं होतं की कॉम्प्युटरच्या धंद्यात तरी सगळं मोजूनमापून असेल. पण भाईंना चिडवायला मी ते सरांसमोर बोलले, आणि सरांनी नेमकं ते उचललं.

जूनमध्ये शाळा बंद झाली आणि रुवी ओस पडली. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते: शाळेला सुट्टी लागली की भारतीय कुटुंबं पेट्या बांधून गावी जातात आणि मागे उरतात एकटे नवरे, डाळ-भाताच्या फोडण्या जाळत. मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीचं इंटरनेटवर एक पान असायचं, त्यात मशीनने किती काम केलं त्याची रेघ दिसायची. जुलैत ती रेघ जमिनीवर झोपली. आणि एके दिवशी त्या पानावर सल्ला आला: तुमचं मशीन बहुतेक वेळ रिकामं बसतं, लहान माप घेतल्यास बचत होईल.

'रिकामं बसतं' या शब्दांनी माझं डोकं फिरलं. कामगारांबद्दल हेच म्हणतात आणि मग कपात करतात. कोण बघतं, कुठून बघतं, कधी बघतं? मी हे सगळं तावातावाने बोलले. सर म्हणाले, "अगं, ते मशीन आहे. त्याची युनियन काढतेस काय?"

भाई शांतपणे म्हणाले, "सर, शाला बंद हाय. चुलीवर काय नाय म्हणून टोप लहान करू नये."

"हा त्यांचा अधिकृत सल्ला आहे भाई. जगभरातल्या गिऱ्हाइकांचा अनुभव असतो त्यांच्याकडे."

"जगभरातल्यांचा असंल. आपल्या शालेचा नाय."

सरांनी मशीन लहान केलं.

ऑगस्टमध्ये शाळा उघडली, रविवारी. तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो. सहा वाजून गेले आणि माझा फोन वाजू लागला तो थांबेचना. ठिपका हलत नाही. ठिपका दिसत नाही. अ‍ॅप उघडतच नाही. एका वडिलांनी मला हिंदीत अशी शिवी दिली की मी ती पत्रकातही छापली नसती. बसेस वेळेवर धावत होत्या, ड्रायव्हर बिचारे नेहमीसारखे दारोदार थांबत होते, फक्त खाली कुणी उतरलेलं नव्हतं, कारण सगळे वर फोनकडे बघत बसले होते! बऱ्याच मुलांची बस चुकली.

सर चपापले, पण त्यांनी लगेच जुनं मोठं माप परत घेतलं. मला वाटलं संपलं. सोमवारी पुन्हा तेच. जे मशीन मे महिन्यात आरामात चाललं तेच आता झोपलं. सर घामाघूम. मंगळवारी त्यांनी त्याहून वरचं घेतलं, दुप्पट प्रोसेसरांचं. मंगळवारीही अ‍ॅप पडलं.

इथे मला चिडण्याऐवजी नवल वाटायला लागलं. लहान केलं तर पडलं, हे समजतं. पूर्वीएवढं केलं तरी पडतं, वाढवलं तरी पडतं, हे काय आहे? मुलं तीच. बसेस त्याच. रस्ते तेच. मग बदललं काय?

त्या दुपारी अर्बाब स्वतः वर आला. पांढरा शुभ्र डिशडाशा, म्हणजे ओमानी पायघोळ झगा, हातात गाडीची किल्ली. बसलाही नाही.

"मशीन बड़ा किया?" त्याने सरांना विचारलं.

"किया, अर्बाब. डबल किया."

"फिर?"

अर्बाब भाईंकडे वळला. "तुम बनाया ना? तुम बोलो."

"अर्बाब, देख रहा हूँ. अगले हफ्ते तक इन्शाल्ला..."

"इन्शाल्ला मेरा शब्द है. तुम इंजिनियर है, तुम हाँ बोलो या ना बोलो."

भाई म्हणाले, "टाइम दो."

"संडे. संडे नहीं चला तो खलास, ये सब बंद, पहले जैसा टेलिफोन." मग आवाज न चढवता तो म्हणाला, "तुम्हारा कागज़ मेरे टेबल पर है. संडे के बाद साइन करेगा, या नहीं करेगा."

कागद म्हणजे व्हिसाचं नूतनीकरण. भाईंची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. वहिनी आणि मुलगी त्यांच्याच व्हिसावर. मुलगी त्याच शाळेत, आमच्याच बसमधून जायची. सही झाली नाही तर तिघांनी चंबूगबाळं आवरायचं. आणि हे कशासाठी? मशीन लहान करू नका म्हणून ज्याने सांगितलं त्याच्यावरच! मी अर्बाब जिना उतरायच्या आत एक निवेदन लिहायला घेतलं. पहिली ओळ नियमाप्रमाणे: 'मॅनेजरच्या निर्णयाची शिक्षा इंजिनियरला देण्यात येत आहे.'

भाईंनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं. "छान लिवलंस. हे त्याला दिलंस तर तो मना आजच विमानात बसवील."

"पण खरं आहे ना?"

"खरा हाय. पन मशीन कशान पडतंय ते यात नाय."

हे मात्र मला लागलं, कारण ते बरोबर होतं. मी कोण कुणाचं काय करतंय ते लिहिलं होतं, पण मशीनचं काय होतंय ते मलाही माहीत नव्हतं, आणि भाईंनाही.

संध्याकाळी सरांनीच एक शोध लावला. अ‍ॅपला जोडणारे फोन कुठल्या देशातून येतात ते त्यांनी काढलं, आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. "हे बघा! निम्म्याहून जास्त इंडियातून! मुलं इथली, बसेस इथल्या, तिथून कोण जोडतंय? हल्ला आहे हा. हॅकर आहेत."

त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव होता. हल्ला असला म्हणजे चूक कुणाचीच नाही. उपायही सोपा होता: ओमानबाहेरच्या सगळ्यांना बंदी. एक ओळ लिहायची, की भारत बंद. भाई स्क्रीनवरची यादी वरून खाली वाचत गेले आणि म्हणाले, "करून टाकू. रविवार तरी जाईल."

मी म्हटलं, "एक दिवस थांबा. मला उद्या सकाळी स्टॉपवर जाऊ दे."

"तिथे जाऊन काय करशील?" सर म्हणाले.

"विचारीन."

मला दुसरं येतच काय होतं? कुठलंही आंदोलन करण्याआधी आम्हाला स्टॉपवर पाठवायचे. लोकांना विचारा, काय होतंय. टेबलावर बसून लिहिलेलं पत्रक लोक वाचत नाहीत, त्यात शेंगदाणे बांधतात.

बुधवारी सकाळी मी मावशीच्याच बिल्डिंगखाली उभी राहिले. हमरियातली ती गल्ली, खाली किराणा, शिंपी, सलून, सगळ्यांची शटरं अजून बंद. मावशीच्या शेजारची भाभी दोन्ही मुलांना घेऊन खाली उतरली. ती दापोलीकडची, नवरा रुस्ताकला दुकानात, आठवड्यातून एकदा घरी यायचा. अ‍ॅप पुन्हा पडलेलं असणार म्हणून ती लवकर आली असेल असं मला वाटलं. तिच्या हातातल्या फोनवर अ‍ॅप उघडलेलंच नव्हतं. ती चक्क फोनवर बोलत होती.

"हो अब्बा. हो, उतरलो खाली. दोघाव हायत. काय? वळली? बरा, बरा."

तिने फोन कानावरून काढला आणि धाकट्याच्या शर्टाचं बटण लावत म्हणाली, "बस गोलावरून वळली."

तिकडे गोल म्हणजे चौकातलं वाहतुकीचं वर्तुळ. मी कोपऱ्याकडे पाहिलं. बस दिसत नव्हती. दोन मिनिटांत ती खरंच आली, पोरं चढली, गेली.

"भाभी, तुम्हाला कसं कळलं? अ‍ॅप तर बंद पडतंय ना?"

"आमचा बंद पडतो. अब्बांनी पहाटेच उघडलेला असतो ना, म्हणून त्यांचा चालू राहतो कधी कधी."

"कोण अब्बा?"

"माझे सासरे. गावी असतात."

गावी म्हणजे दापोलीजवळ. सगळा जन्म जहाजावर गेलेला माणूस, आता घरी बसून. सुट्टीत नातवंडं गेली तेव्हा थोरल्या नातवाने त्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं आणि पासवर्ड सांगितला. तेव्हापासून म्हातारबुवा फजरची नमाज झाली की चहा घेऊन बसतात, अ‍ॅप उघडतात, आणि पोरं शाळेत पोचेपर्यंत बंद करत नाहीत.

"बस मधी थांबली की मनाच ओरडतात," भाभी म्हणाली. "म्हनतात, तुझा ड्रायव्हर कुठं नांगर टाकून बसलाय बघ."

"आणि तुमचे मिस्टर? रुस्ताकला?"

"ते पन बघतात ना. त्यांना पोरां आठवड्यान दिसतात. बसचा ठिपका तरी रोज दिसतो."

मी त्याच गल्लीत दुपारपर्यंत फिरले. दार वाजवायचं, ओळख सांगायची, एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या मुलाची बस कोण कोण बघतं? बायका आधी बिचकायच्या, मग हसायच्या. राजापूरची आजी. खेडचा मामा. कुर्ल्याची आत्या. सोहारला कामाला असलेला बाप. एका घरात तर दुबईतली मोठी बहीणही. सगळ्यांना एकच पासवर्ड, आणि तो सगळ्यांच्या घरी सुट्टीत पोचलेला. कोकणात यंदा नातवंडांनी खाऊच्या बदल्यात हेच वाटलं होतं म्हणायचं.

ऑफिसात येऊन मी हे सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "हे एका गल्लीचं झालं. त्यावरून सगळा ट्रॅफिक कसा मानायचा?"

"सर, तुमच्या मुलाची बस कोण बघतं?"

"मी. आणि मिसेस."

"आणखी?"

सरांनी पेन उचललं, ठेवलं. "आई बघते."

"कुठून?"

"कोथरूडहून. तिला सांगितलं होतं मी, पूर्ण वेळ चालू ठेवू नकोस म्हणून. पण ती टीव्ही नाही लावत तेवढं हे लावून बसते."

भाई एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे हॅकर घरचीच सर!"

पण हसता हसता ते एकदम थांबले. "पूर्ण वेळ चालू," ते स्वतःशीच म्हणाले. "सगले पूर्ण वेळ चालू ठेवतात."

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आई खाली उतरायच्या आधी दोन मिनिटं अ‍ॅप उघडते आणि बंद करते. आजोबा बंद करत नाहीत. ज्याचा नकाशा उघडा असतो त्याच्यासाठी मशीनला एक तार धरून ठेवावी लागते, ठिपका हलला की कळवायला. तार धरायला कष्ट जवळजवळ नाहीतच. पण जागा लागते. थोडीशीच, पण प्रत्येकाला वेगळी. म्हणजे काम करणारे हात मोकळे, आणि खोली मात्र माणसांनी गच्च भरलेली. आणि आपण काय करत होतो? खोली तेवढीच ठेवून हात दुप्पट करत होतो. सरांनी मंगळवारी घेतलेल्या मशीनला प्रोसेसर दुप्पट होते, मेमरी पूर्वीएवढीच.

"पण मग त्या कंपनीच्या पानावर हे दिसलं का नाही?" मी विचारलं.

"त्यांना भायरून दिसतो तो प्रोसेसर. मेमरी आत शिरून बघावी लागते. ती आपन कधी बघितलीच नाय."

मला त्या क्षणी इतका राग आला आणि इतकी मजा वाटली, दोन्ही एकदम. ज्यांनी 'रिकामं बसतं' म्हणून शेरा मारला त्यांनी दारातून डोकावून नुसते हात मोजले होते!

गुरुवारी सकाळी भाईंनी मशीनच्या आत शिरून बघितलं. मीही शेजारी खुर्ची ओढून बसले. प्रोसेसरची रेघ खाली लोळत होती. मेमरीचा आकडा वर चढत होता, न थांबता, टाकीत पाणी चढावं तसा. मग तो काठाला लागला, आणि एका झटक्यात शून्याजवळ आला. माझा फोन वाजला.

"काय झालं?"

"जागा संपली की मशीन बघतं, सगल्यात जास्त जागा कोनी अडवलीय. आनि त्याला मारून टाकतं."

"कुणाला?"

"आपल्याच अ‍ॅपला. दुसरा हाय कोन तिथं?"

आता कारण हातात होतं. पण प्रश्न सुटला नव्हता, उलट भाईंच्या मानेवर बसला होता. दोन रस्ते होते. एक, सरांचा: भारत बंद करा. निम्म्याहून जास्त माणसं एका ओळीत बाहेर, मशीन आहे तेच चालेल, रविवार नक्की पार. दुसरा: मशीनचा प्रकारच बदला. मेमरी भरपूर, प्रोसेसर आधीपेक्षाही कमी. भाईंचा हिशेब सांगत होता की ते पुरेल. पण हिशेबच होता तो.

सर म्हणाले, "मेमरी वाढवा, मान्य. पण प्रोसेसर कमी? पडणाऱ्या मशीनचे? अर्बाबला मी काय सांगू?"

मी अर्थातच भाषण ठोकलं. आजोबांचा काय गुन्हा, नातवंडं दूर आहेत हा? रुस्ताकच्या बापाला ठिपका द्यायचा आणि दापोलीच्या आजोबांना नाही, हा कुठला न्याय? मी बोलत राहिले आणि भाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझा काय जातं गो बाय? तुझा व्हिसा कोरा करकरीत हाय."

त्यात टोमणा नव्हता. माझी सगळी पत्रकं दुसऱ्यांच्या पोटावर लिहिलेली होती, हे खरं. पण तरी बंदी चूकच होती, हेही खरं. दोन्ही खरं असलं की काय बोलायचं ते मला त्या कार्यकर्तीने शिकवलं नव्हतं.

भाई उठून खिडकीशी गेले. खाली एक्स्चेंजच्या दारात लोक पैसे पाठवायला रांगेत उभे होते. परत येऊन ते सरांना म्हणाले, "बंद केला तर रविवार जाईल सर. सोमवारी अख्खी कोकनपट्टी सुनांना फोन करील, सुना मुलांच्या बापांना, आनि बाप अर्बाबाला. तुमच्या आई तुम्हाला. तेव्हा पन माझाच कागद टेबलावर असंल."

"म्हणजे बदलायचं?"

"बदलायचा. बंदीची ओल लिहून ठेवतो. लागली तर दाबू."

शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत भाईंनी नवं मशीन उभं केलं आणि एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो खोट्या आजोबांसारखा वागायचा: नकाशा उघडायचा आणि बंदच करायचा नाही. असे हजारो खोटे आजोबा त्यांनी त्या मशीनवर सोडले. मी विचारलं, खरे किती असतील? ते म्हणाले, गुरुवारी किती होते ते माहीत आहे, पण गुरुवारी अ‍ॅप पडायचं म्हणून कित्येक जण कंटाळून गेले असतील. चालायला लागलं की परत येतील. म्हणून त्यांनी आणखी सोडले. मशीन भरत भरत गेलं आणि थोडी जागा ठेवून थांबलं. लग्नाच्या जेवणासारखा अंदाज आताही होताच, पण या वेळी पाहुणे कोण ते ठाऊक होतं.

रविवारी सकाळी आम्ही तिघंही लवकर आलो. भाईंच्या स्क्रीनवर एका बाजूला मेमरीचा आकडा, दुसऱ्या बाजूला ती बंदीची ओळ, लिहून तयार. एक बटण दाबलं की लागू. सर मागे उभे. भाईंच्या मुलीची बस वादी कबीर वस्तीतून निघाली होती.

आकडा चढू लागला. गुरुवारी जिथे सगळं कोसळलं तो टप्पा आला आणि गेला. तो आणखी चढला. आम्ही सोडलेल्या खोट्या आजोबांनी गाठलेल्या आकड्याच्या जवळ आला.

"भाई, दाबा आता," सर म्हणाले.

"थांबा."

"दाबा म्हणतो ना! उगाच कशाला जोखीम?"

"सर, जरा थांबा. अजून जागा हाय."

भाईंचं बोट बटणाच्या वर होतं. प्रोसेसरची रेघ, जिच्यावरून सर भांडले होते, अर्ध्यावरही नव्हती. आकडा चढायचा थांबला. तिथेच हलत राहिला, किंचित वर, किंचित खाली. मग बसेस एकेक करून शाळेच्या फाटकात शिरल्या, आणि दापोली, राजापूर, खेड, कोथरूड इथली माणसं आपापले फोन खाली ठेवू लागली. आकडा हळूहळू उतरला. कोसळणं नव्हे, उतरणं.

माझा फोन वाजला नव्हता. मी रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे की नाही ते बघितलं. चालू होती.

भाईंनी बंदीची ती ओळ पुसली आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला. सर म्हणाले, "बरं झालं थांबलात." आणि मग, "जुलैत मी तुमचं ऐकायला हवं होतं." हे त्यांनी अर्बाबसमोर म्हणायला हवं होतं, आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगितलंही. ते म्हणाले, "बघू." अर्बाबसमोर ते कधी म्हणाले नाहीत. ही नोंद असू द्यावी.

दहाच्या सुमारास अर्बाबचा फोन आला, भाईंच्या मोबाइलवर. भाईंनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"आज मेरे को कोई टेलिफोन नहीं आया."

"जी, अर्बाब."

"मशीन और बड़ा लिया?"

"नहीं अर्बाब. दूसरा लिया."

"दूसरा मतलब?"

भाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "जिसमें सबको बैठने की जगह है."

"तमाम," अर्बाब म्हणाला. तिकडे 'ठीक' म्हणायला हेच म्हणतात. "मंदूब को भेजता हूँ. पासपोर्ट देना."

मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस; व्हिसा वाढवायचा असला की पासपोर्ट तोच नेतो. तो येईपर्यंत भाई टॅक्सी करून घरी जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीन पासपोर्ट होते, रबर लावलेले. मंदूब खुर्चीत न बसताच ते चाळू लागला. मुलीच्या पासपोर्टावरचा फोटो अगदी तान्हेपणीचा होता. तो फोटोकडे बघून हसला आणि अरबीत काहीतरी म्हणाला, ते भाईंनाही नीट कळलं नसावं, पण तेही हसले.

"कधी मिळतील?" मी मधेच विचारलं, मराठीतच, आणि जीभ चावली.

भाईंनी त्याला हिंदीत विचारलं. त्याने खांदे उडवले, पासपोर्ट डिशडाशाच्या खिशात टाकले आणि जिना उतरला. भाई दारात उभे राहून पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी बायकोला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "दिले गो. घेऊन गेला."